माशांबरोबरचे पाणी

भिंतीवर फवारलेल्या औषधाचा वास शेणाच्या वासात मिसळला की एक तिसराच वास तयार होई, आणि सत्तरच्या दशकातले आमचे घर मला त्या तिसऱ्या वासानेच आठवते. फवारणीवाले खांद्यावर पंप घेऊन येत, मातीच्या भिंतींवर पांढरट ओघळ उमटवून जात, आणि त्यांच्या सायकली वेशीबाहेर पडतात न पडतात तोच वस्तीतल्या बाया शेणाचा काला करून त्याच भिंती सारवायला घेत. पांढरे डाग पडलेले घर कोड फुटल्यासारखे दिसते, असे माझी माय म्हणायची. खाली औषध, त्यावर शेण आणि त्या शेणावर निवांत बसलेला डास. अशा घरात आम्ही राहत होतो.

हिवताप देशातून जवळपास गेला, असे आम्ही शाळेत शिकलो होतो. तो गेला नव्हता. पावसाळा सरता सरता तो घरोघर परत येई. दुपारच्या उन्हात एखादे माणूस गोधडीखाली कुडकुडत पडलेले असे आणि त्याच्या दातांचा आवाज अंगणातून ऐकू येई. सरकारी गोळ्यांची कडवट चव जिभेच्या मुळाशी जाऊन बसे आणि गुळाच्या खड्यानेही उठत नसे.

आमचे गाव बदनापूर स्टेशनापासून बरेच आत, बैलगाडीच्या वाटेवर. गावाच्या उगवतीला, ओढ्यापलीकडे आम्हा बौद्धांची वस्ती, आणि वस्तीची विहीर वेगळी. ती आमच्याच माणसांनी खोदलेली, थोडी खाऱ्या पाण्याची, उन्हाळ्यात खोल जाणारी पण न आटणारी. वडील शेजारच्या गावी प्राथमिक शिक्षक होते. मी मॅट्रिक झाले होते, पुढचे शिक्षण त्या वर्षापुरते लांबले होते, म्हणून घरी होते. कवितेची ओढ मला तेव्हाच लागली होती. पण त्या वर्षी मी सर्वांत जास्त काही वाचले असेल तर ते विहिरीचे पाणी.

ज्येष्ठातल्या एका सकाळी हिवताप खात्याचा माणूस मासे घेऊन आला. वस्तीत त्याचे नाव कुणी घेत नसे. त्याला सगळे ‘मलेरिया’च म्हणत. त्याच्या सायकलच्या कॅरियरला पत्र्याचा डबा बांधलेला होता, झाकणाला भोके पाडलेली आणि डब्याभोवती ओले पोते गुंडाळलेले. जालन्याहून बदनापूरपर्यंत आगगाडीने आणि तिथून पुढे सायकलने हे मासे आणले होते. आधी तो गावात गेला. गावच्या विहिरीवर माणसे जमली, आणि तिथे काय झाले ते त्यानेच आमच्या अंगणात बसून, चहाचा कप हातात फिरवत सांगितले. गावातले एक मोठे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ असलेले, अगदी सौम्यपणे म्हणाले होते, “साहेब, तुमची गोष्ट बराबर हाय. पण आम्ही माळकरी. ज्या पाण्यात मासळी जगती अन् मरती, त्या पाण्यानं देवाला आंघोळ कशी घालावी?” त्यावर मागून कुणीतरी ओरडले होते, “घाला की! नुसतं चुलीवर ठेवलं की कालवण तयार!” हशा झाला, आणि मासे डब्यातच राहिले.

“मंग गावानं नको म्हणलं म्हणून हिकडं आणले व्हय?” माय चुलीपुढून उठून आली. ती नुकतीच तापातून उठली होती. आवाज अजून बसलेला होता, धार मात्र गेली नव्हती. “गावानं टाकलेलं उचलायचं आम्ही सोडलंय, भाऊ. दीक्षा घेतली तवाच सोडलंय.”

मलेरिया ओशाळला. त्याने कप खाली ठेवला.

“अगं, हे टाकलेलं न्हाई,” वडील म्हणाले. “जिवंत हाय.”

“जिवंत हाय म्हणूनच इचारून राह्यले. खातंय काय ते?”

“डासाच्या अळ्या, आक्का,” मलेरिया म्हणाला. “दुसरं काही द्यावं लागत न्हाई.”

“अन् आमच्या घागरीत आलं मंग?”

“परत विहिरीत सोडायचं.”

“म्हणजे बायांचंच काम वाढलं,” माय म्हणाली. पण तिने पायांत चपला सरकवल्या होत्या. विहिरीकडे ती सगळ्यांच्या पुढे चालली.

डबा एकदम उलटा केला नाही. मलेरियाने तो दोराने पाण्यापर्यंत सोडला, बराच वेळ तसाच तरंगत ठेवला आणि मग हळूच कलता केला. मी कठड्यावरून वाकून पाहत होते. पाण्यात काही शिरले असे वाटलेच नाही. करड्या पाण्यात करड्या रेघा हलल्या, इतकेच.

त्या माशाचे नाव गंबुशिया. मूळचा तो अमेरिकेतला, तिथल्या दक्षिणेकडच्या संथ ओढ्यांतला, तळ्यांच्या उथळ काठांचा, गवत माजलेल्या खड्ड्यांचा. वाहत्या, खळाळत्या पाण्याचे त्याला आकर्षण नाही. मादी करंगळीएवढी, नर तिच्या निम्म्याने. अंगावर रंग म्हणावा असा रंग नाही. ऑलिव्ह वगैरे शब्द मला पुढे पुस्तकात भेटले, तेव्हा तो मला वाळत्या शेवाळासारखा वाटला. डोके वरून चपटे आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारे. इतर मासे तळाचा किंवा मधला घास घेतात, हा पाण्याच्या छताला ओठ लावून राहतो. डासाच्या अळ्या श्वास घ्यायला त्याच छताला आडव्या चिकटून राहतात, म्हणून त्यांची आणि याची गाठ पडते. उन्हाळ्यात पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हाही अगदी वरच्या पातळ थरातले पाणी गिळून हा तग धरतो. सकाळी कोवळे ऊन विहिरीत तिरपे शिरे, तेव्हा पाण्यावर बारीक बारीक वर्तुळे उमटत. पाऊस नसताना पडणारा पाऊस, असे मी तेव्हा कुठेतरी लिहून ठेवले होते. ते अळ्या टिपण्याचे ठसे होते.

हा मासा अंडी घालत नाही. पिले मादीच्या पोटातच वाढतात आणि जिवंत जन्मतात. दिवस भरत आले की तिच्या पोटाच्या मागच्या बाजूला एक काळा डाग गडद होत जातो, पोट चौकोनी वाटावे इतके फुगते. पोहऱ्यात आलेल्या एका मादीला मी काचेच्या बरणीत ठेवले होते. दुपारी बरणीत पापणीच्या केसांसारखी पिले पळत होती, आणि त्यांतली काही त्यांची आईच गिळत होती. मी घाबरून पिले वेगळी केली. नराशी एकदा संग झाला की ती त्याचे बीज अंगात साठवून ठेवते आणि त्यावर पुढच्या खेपाही होतात, हे मलेरियाने सांगितले तेव्हा विहिरीवर मोठीच चर्चा झाली होती.

“म्हणजे नवरा मेला तरी लेकरं होत्यात?”

“होत्यात म्हणं.”

“बरं हाय बाई. दारूचा खर्चा तरी वाचला.”

बायांनी त्या माशाचे नाव ‘लेकुरवाळी’ ठेवले. पोहऱ्याबरोबर लेकुरवाळी वर आली की घागरीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा पदर धरून पाणी गाळायचे आणि पदर विहिरीत झटकायचा, ही सवय बघता बघता हाताला लागली. माझी मायही पदर झटकताना “जा गं बाई, नांद,” असे म्हणू लागली. आषाढ संपेपर्यंत विहीर माशांनी भरून गेली, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसेनाशा झाल्या. ताप वस्तीतून गेला असे मी म्हणणार नाही. ओढ्यात डबकी होती, खुरांच्या खळग्यांत पाणी होते, डास तिथूनही येत. हेच मासे नदीत सुटले तर तिथल्या माशांची अंडी-पिलेही खातात, हे आता जाणकार सांगतात. तेव्हा आमच्यापुढे एक विहीर होती आणि तिच्यातल्या अळ्या.

श्रावणात त्या माळकरी शेतकऱ्यांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. ती माझ्या वर्गातली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर नसलो तरी एका ओळीत बसत होतो, आणि गणिते मी तिची सोडवत असे, भरतकाम ती माझे. तिच्या आईला सगळे गाव काकू म्हणत असे. आदल्या वर्षीही ती अशीच माहेरी आली होती. भादव्यात तिला हिवताप चढला आणि सहाव्या महिन्यात पोटातले गेले. यंदा सासू पाठवायला तयार नव्हती. काकूंनी हट्टाने आणली. तिच्या माहेरच्या परसात स्वतःचा आड होता, भोवती केळी, अळू, कायमचा ओलावा. आणि त्या आडात काय वळवळते ते आता काकूंना दिसू लागले होते.

मलेरियाला त्यांनी निरोप धाडला. जालन्याहून नवे मासे दिवाळीशिवाय मिळणार नव्हते. तो म्हणाला, “वस्तीच्या विहिरीत हजारानं झालेत, तिथून घ्या.”

म्हणून एका सकाळी त्यांचा गडी आमच्या विहिरीवर आला. हातात लखलखीत पितळी कळशी, तीत त्यांच्याच आडाचे पाणी, पाण्यावर तुळशीची पाने. गोमूत्राचा वास लपत नव्हता.

“पाणी न्हाई पाहिजे,” तो आधीच म्हणाला. “नुसते मासे.”

वस्तीतल्या बायांनी पोहऱ्याने मासे काढून दिले. त्याने ते धोतराच्या फडक्यावर ओतून घेतले, आमचे पाणी पुरते निथळू दिले, वर फडके दोनदा झटकले आणि मग मासे कळशीत टाकले.

“झटकतो काय रं?” माय म्हणाली. “भुईमुगाच्या शेंगा हायेत व्हय त्या?”

“मला सांगितलं तसं करून राह्यलो, वैनी.”

संध्याकाळपर्यंत मासे आडात उलटे तरंगले. तो पुन्हा आला. या खेपेला फडके ओले करून आणले होते, पण कळशीतले पाणी तेच. मासे पुन्हा मेले. गावात कुजबूज सुरू झाली की वस्तीचे मासे वस्तीतच जगतात. मलेरिया फिरतीवर आला तेव्हा वडिलांनी त्याला हे सांगितले. तो हसला नाही. “कसे जगतील?” तो म्हणाला. “तुमचं पाणी कोमट, खारट. त्यांचं गार, गोडं, अन् वर गोमूत्र. मासा त्याच्या पाण्यातच न्यायचा. मंग नवं पाणी थोडं थोडं मिसळायचं. मंग पाण्यासकट सोडायचा. दुसरा रस्ता न्हाई.” हेच त्याने जाताना काकूंच्या दारातही सांगितले.

त्यानंतर काकू स्वतः आल्या. वस्तीच्या तोंडाशी एक बाभूळ होती, तिच्या विरळ सावलीत त्या उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर दातांत धरून. त्यांना तिथे उभे असलेले याआधी कुणी पाहिले नव्हते. माय हातातले सूप तसेच घेऊन बाहेर गेली, आणि मी तिच्या मागे.

“या की बाई. वाट चुकलात का?”

“न्हाई चुकले. तुमच्याकडंच आल्ते, मास्तरीणबाई.”

मायला त्यांनी असे कधी म्हटले नव्हते. माय सूप खाली ठेवून उभी राहिली.

“पोरीला परवा कणकण आल्ती,” काकू म्हणाल्या. “उतरली. पण मी रातभर तिच्या उशाशी बसले. मागल्या खेपेला माझ्याच मांडीवर तापली ती. तिची सासू म्हणली होती, तुमच्या घरात पाणवठा हाय का डासाचं घर. मी भांडून आणली तिला. आता औंदा पोटातलं गेलं तर ते तिला नांदवायचे न्हाईत.”

“मासा काय औषध हाय का, बाई? गोळ्या द्या पोरीला.”

“देते की. पण रोज पाणी शेंदताना मला ते दिसून राह्यलंय.”

माय म्हणाली, “मासे न्या. हवे तेवढे न्या. पण त्याला त्याचं पाणी लागतं. ऐकलं ना तुम्ही?”

“ऐकलं.”

“मंग?”

“घरात इचारावं लागंल.”

“इचारा. मासे काय कुठं पळून चालले न्हाईत.”

त्या गेल्यावर माय पुन्हा पाखडायला बसली. सुपाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. काही वेळाने माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “बोलावणं आलं तर तू जायचं. गड्याच्या हातानं आता मासा न्हाई द्यायचा. मेला की नाव आपल्या विहिरीचं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी निरोप घेऊन आला, “पोरीला धाडा म्हणल्यात.” पाण्याविषयी त्याला काही सांगितलेले नव्हते, आणि आम्ही विचारले नाही.

पत्र्याची बादली मी अर्ध्याहून जरा जास्त भरली. पोट फुगलेल्या माद्या निवडून घेतल्या, थोडे नर घेतले आणि वर फडके बांधले. बादली कमरेवर घेऊन ओढा ओलांडला, तेव्हा पाण्याचा मंद हिंदोळा माझ्या बरगड्यांना जाणवत होता. पारावरच्या माणसांचे बोलणे मी जवळ आले तसे थांबले आणि मी पुढे गेले तसे पुन्हा सुरू झाले. गावच्या विहिरीजवळून जाताना एका बाईने आपली घागर उचलून बाजूला घेतली. तिने ते इतक्या सहजपणे केले की तिच्या लक्षातही आले नसावे.

परसाच्या दाराने मी आत गेले. केळीच्या पानांवर रात्रीचा पाऊस साचलेला होता, अळूचा हिरवा, किंचित खाजरा वास येत होता. मैत्रीण उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. पावले सुजलेली, चेहरा तेलकट आणि गोल, डोळे मात्र शाळेतलेच.

“आलीस का गं, कोळीण?” ती म्हणाली. “अमेरिकेचे नवरे आणलेस का मला?”

“नवरे कमीच हायेत. सगळ्या तुझ्यासारख्याच हायेत.”

ती पोट धरून हसली. “दाखव तरी.”

मी फडके सोडले. ती उठून आली, बादलीत वाकून बघू लागली. तिच्या तोंडाला चिंचेचा वास होता. एक मादी नेमकी तिच्या बोटाखाली आली, काळा डाग असलेली. “हिचे तर भरलेत की,” ती हळूच म्हणाली.

काकू आडाजवळ उभ्या होत्या, हातात पांढरे स्वच्छ फडके घेऊन. ओट्यावर काका, म्हणजे तिचे वडील, बसले होते. कपाळावर बुक्का, मांडीवर पंचा. त्यांनी मला बस म्हटले नाही, पण आवाज सौम्यच होता.

“एवढी मॅट्रिक झालीस तू, पोरी. मासे तेवढे गाळून दे की. पाणी कशाला?”

“काका, मागं दोनदा गाळूनच नेल्ते.”

“तो गडी अडाणी. तू नीट गाळशील.”

“कितीबी नीट गाळले तरी, काका, मरतेत ते.”

काकूंनी आडातून पोहरा शेंदला आणि तांब्याने त्यांचे पाणी माझ्या बादलीत घातले. उंचावरून घातले, तांब्या बादलीला लागणार नाही इतक्या उंचीवरून. आम्हाला पाणी देण्याची गावाची तीच रीत होती, आणि त्यांच्या हाताला तेवढीच येत होती. गार धार पडली तसे मासे खाली दडले, कडेला चिकटले. मी थांबा म्हणाले. त्या थांबल्या. मासे पुन्हा वर आले, तोंडे पाण्याच्या छताला लावून स्थिर झाले. मग दुसरा तांब्या. मग थोडा वेळ. असे आम्ही करत राहिलो. बादलीतले पाणी काठापर्यंत आले तेव्हा ते कोमटही नव्हते आणि गारही नव्हते. मी हात घालून पाहिला. काकूंनी मला हात घालताना पाहिले.

“झालं ना आता मिसळून?” काका म्हणाले. “सवय झाली ना त्यांना? मंग आता फडक्यावर घे मासे, अन् ते पाणी केळीच्या बुडाला जाऊ दे. पाणी बी वाया जायचं न्हाई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अडचणीतून सर्वांना सोयीची वाट काढावी, तसे ते बोलत होते, आणि त्यांना ती वाट खरीच वाटत होती. काकूंनी हातातले फडके उलगडले. दोन्ही हातांनी ताणून केळीच्या बुडाशी धरले. मी बादलीच्या कडीला हात घातला आणि तसाच ठेवला. फडक्यावर ओतायचे नाही, असे मी ठरवले होते.

उंबऱ्याकडून चापट मारल्याचा आवाज आला. मैत्रिणीने दंडावरचा डास मारला होता. तळहात उलटा करून तिने पाहिला आणि रक्ताचा बारीक ठिपका पोटावरच्या लुगड्याला पुसला. काकू तिकडे पाहत होत्या, त्या ठिपक्याकडे, आणि त्याच्या खाली.

“अहो,” त्या काकांना म्हणाल्या, “तुम्ही जरा आत जाऊन बसता का?”

“मी कशाला आत जाऊ?”

“मंग बसा हितंच.”

त्यांनी फडक्याची घडी घातली. पहिली, दुसरी, तिसरी, देवघरातले वस्त्र ठेवावे तशी, आणि ती घडी कमरेला खोचली. मग कठड्यावरचा पोहरा उचलून खाली ठेवला, दोर पायाने बाजूला सारला. माझ्यासाठी कठड्याशी जागा झाली. मी बादली उचलून तिथे टेकवली. खाली आडातले पाणी काळे आणि स्तब्ध होते, त्यात आमची दोघींची डोकी शेजारी शेजारी दिसत होती. बादली काठोकाठ भरलेली. जड होती, मला एकटीला कलती होईना. काकूंनी एकदा ओट्याकडे पाहिले. मग बादलीच्या तळाला त्यांनी आपला हात लावला, खालून, भार घेण्यापुरता.

“ओत.”